कोरकूच्या नावावर मालगाडी

मेळघाटाचा विषय निघाला की अकोटच्या बसस्टँडपासून परतवाड्याच्या टपऱ्यांपर्यंत एक सवाल ठरलेला असतो : "वाघ पाहिजे का मानूस, ते सांगा पह्यले!" सवाल करणारा बहुतेक वेळा जंगलात राहत नाही, आणि त्याच्या घरचं कोणी धारणीच्या दवाखान्यात खाटेवर पडलेलं नसतं. पण आवाजात कळकळ असते, कोरकू आदिवासी पोराच्या बरगड्यांचं वर्णन असतं, आणि ते वर्णन खोटं नसतं. खोटं असतं ते त्याच्या मागून येणारं मागणीपत्र. अकोला-खंडवा ब्रॉडगेज जुन्याच मार्गानं, जंगलातून न्या. परतवाडा-धारणी रस्ता रुंद करा आणि रात्री कुणाला अडवू नका. सफारीचे मार्ग वाढवा, जिप्स्या वाढवा, ताडोबासारखं करा. चिखलदऱ्याच्या स्कायवॉकला आडवे येऊ नका. बरगड्यांपासून निघालेलं बोलणं चार वाक्यांत दरीवरच्या पुलावर पोचतं, आणि मधे सांधा कुठं बदलला ते ऐकणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

मी या मागणीपत्राच्या विरोधात आहे. मेळघाटात नियम फार झाले, ही तक्रार मला मान्य नाही. ते चुकीच्या माणसावर चालवले जातात, ही तक्रार मान्य आहे. पण ती वेगळी तक्रार आहे, आणि ती करणारे फार थोडे.

१९७३ साली देशात पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प ठरले, त्यांत महाराष्ट्रातला एकटा मेळघाट होता. आज प्रकल्पाचा पसारा २,७०० चौरस किलोमीटरच्या वर आहे, त्यातलं सुमारे १,५०० चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र. गुगामल राष्ट्रीय उद्यान ३६१ चौरस किलोमीटरचं. दक्षिणेकडून त्याला वान, नरनाळा आणि अंबाबरवा ही अभयारण्यं जोडलेली आहेत. अकोल्याकडच्या माणसाला हे सगळं अमरावतीवाल्यांचं लचांड वाटतं. त्यानं एकदा आपल्या नळाचा माग काढावा. अकोट, तेल्हारा, दर्यापूर हे पूर्णेच्या खोऱ्यातले खारपाणपट्ट्याचे मुलूख. बोअर मारली तर पाणी तोंडात धरवत नाही. या पट्ट्याला गोडं पाणी येतं ते डोंगरातून : वान नदीवरच्या, वारीच्या हनुमान सागरातून, शहानूर धरणातून. अकोट-तेल्हाऱ्याची ८४ खेडी योजना वानच्या जिवावर चालते. 'जंगल गेलं खड्ड्यात' हा आवाज जिथून सर्वांत मोठा येतो, तिथलाच माठ जंगलाच्या पाण्यानं भरतो. मालगाडीचा हिशेब मांडणाऱ्यांच्या वहीत या पाण्याची नोंद कुठंच नसते.

आता रेल्वे. ही बाजू मी लांबवणार आहे, कारण सगळा डाव इथं उघडा पडतो.

मीटरगेज गाडी गेल्याचं दुःख खरं आहे, त्याची टिंगल करणाऱ्या शहरी निसर्गप्रेमींना मी आमच्या बाजूचे मानत नाही. १ जानेवारी २०१७ पासून अकोला-खंडवा वाहतूक बंद झाली. धूळघाटला रूळ स्वतःवरूनच वळसा घालून चढायचे आणि खिडकीतून आपण मघाशी आलो तोच मार्ग खाली दिसायचा. एके काळी हैदराबादकडून राजस्थानात जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेस याच वळणांवरून धापा टाकत जायची. पण तिच्यापेक्षा पॅसेंजर महत्त्वाची होती. मजूर, भाजीवाल्या, निमाडात दिलेल्या लेकी, अकोल्याला दवाखान्यासाठी निघालेली म्हातारी माणसं, सगळ्यांना परवडणारं तेवढं एकच वाहन होतं. अकोला-अकोट टप्पा ब्रॉडगेज होऊन नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, तोवर जवळपास सहा वर्षं या माणसांनी एसटीच्या आणि काळीपिवळीच्या दारात लोंबकळून काढली. या हालांचा जाब रेल्वेला विचारायलाच हवा होता. तो कुणी विचारला नाही. वाघाला विचारला.

"रूळ आधीपासूनच होते ना? तवा वाघ मेले काय?" हा पहिला युक्तिवाद, आणि तो ऐकायला बिनतोड वाटतो. पण तेव्हा त्या रुळांवर दिवसाकाठी मोजक्या गाड्या धावत, त्याही घाटात रांगत. नव्या मार्गाचा उद्देशच वेगळा. उत्तर आणि दक्षिण जोडणारा, विजेवर चालणारा, वळणं कापून सरळ केलेला, बोगद्यांचा आणि खोल कटिंगचा मार्ग हवा आहे, कारण त्यावरून मालगाड्या पळवायच्या आहेत, आणि त्या रात्रीच जास्त पळतात. प्रकल्पातून जाणारा हा तुकडा जवळपास ४० किलोमीटरचा आहे. अशा मार्गाचं पुढं काय होतं हे पाहायला फार लांब जायला नको. चंद्रपूरजवळ नोव्हेंबर २०१८ मध्ये बल्लारशा-गोंदिया मार्गावर वाघाचे तीन बछडे एकाच गाडीखाली गेले. हाही मार्ग पूर्वी नॅरोगेज होता, नंतर रुंद झाला. उत्तर बंगालच्या डुआर्समध्ये सिलिगुडी-अलीपूरद्वार मार्ग २००४ च्या सुमारास ब्रॉडगेज झाला आणि रुळांवर मरणाऱ्या हत्तींची संख्या वाढत गेली. तिथंही आधी रूळ होतेच. तिथंही हाच सवाल केला गेला असणार.

दुसरा युक्तिवाद पैशाचा. बाहेरून वळसा घातला तर सुमारे ३० किलोमीटर वाढतात, खर्च वाढतो. वाढतो, कबूल. पण त्या वाढलेल्या किलोमीटरांत गाडीत कोण चढणार, हे पाहावं. हिवरखेडवरून सोनाळा, जामोद, पुढं सातपुडा ओलांडून खकनार, तुकईथड असा हा पर्याय आहे. संग्रामपूर आणि जळगाव जामोद हे बुलडाण्याचे दोन तालुके आजवर रेल्वेचं तोंड न पाहिलेले. तिथला शेतकरी संत्रं आणि कापूस ट्रकात भरून शेगाव-नांदुऱ्याकडे उतरतो, पोरगा परीक्षेला जायचा तर आदल्या दिवशी निघतो. जंगलातल्या जुन्या मार्गावर वान रोड, धूळघाट अशी ठाणी, भोवती झाडी आणि तुरळक वस्ती. पर्यायी मार्गाला अनेक मोठी गावं लागतात, तेव्हा विकासाच्या बाजूनं बोलणाऱ्यानं खरं तर त्यासाठीच रस्त्यावर उतरायला हवं होतं. ऑगस्ट २०२० मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रेल्वेमंत्री पीयूष गोयल यांना हेच कळवलं होतं : मार्ग मेळघाटाबाहेरून न्या. त्यावर आमच्याकडे काही मंडळींनी मुंबईवाल्यांना वऱ्हाडाचं काय पडलंय म्हणून शंख केला. सोनाळा आणि जामोद वऱ्हाडात नाहीत, असा शोध त्यांना कुठं लागला कोण जाणे.

वळणमार्गही सातपुड्यातूनच चढतो, तिथंही सागवान आहे, जनावर आहे, हे मला ठाऊक आहे. फुकटात डोंगर ओलांडता येत नाही. पण वाघिणीनं पिलं वाढवण्यासाठी अर्धशतक राखलेला गाभा आणि डोंगराची कड यांत फरक आहे. तो करायचाच नसेल तर राखीव क्षेत्राचे नकाशे तरी कशाला काढायचे?

तिसरा युक्तिवाद कोरकूंचा. हा सर्वांत पुढं ठेवतात आणि हाच सर्वांत पोकळ आहे. कोरकू बाई धारणीच्या बाजाराला जाते, दिवाळीनंतर कुटुंबच्या कुटुंबं सपाटीवर तूर-हरभऱ्याच्या, कापसाच्या कामाला उतरतात. त्यांना पाहिजे ती दर ठाण्यावर थांबणारी, दहा-वीस रुपयांत नेणारी गाडी. ब्रॉडगेज झाल्यावर धूळघाटला किती गाड्या थांबतील, हे रेल्वेनं कधी लेखी दिलंय? मागणाऱ्यांनी कधी मागितलंय? देशभर गेज बदलल्यावर छोट्या थांब्यांचं काय झालं हे आपण पाहतोच आहोत. मालगाडी कोरकूला चढवून घेत नाही. त्याच्या झोपडीपुढून ती कोळसा आणि सिमेंट घेऊन जाईल, आणि फलकावर मात्र लिहिलं जाईल : आदिवासी विकासासाठी.

"मग पेंचसारखे पूल बांधा की!" हे जरा वाचलेले लोक म्हणतात. नागपूर-जबलपूर महामार्गावर पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या मनसर ते खवासा टप्प्यात जनावरांसाठी खालून वाटा काढल्या, त्यांतली सर्वांत लांब ७५० मीटरची आहे, आणि कॅमेऱ्यांत तिथून वाघही जाताना दिसले आहेत. चांगलं काम झालं. पण ते सरकारच्या मनातून उगवलेलं नाही, कोर्टकचेऱ्या झाल्या तेव्हा मिळालं. शिवाय तो वाहता महामार्ग होता. मेळघाटात आजच्या घडीला त्या रुळांवरून काहीच जात नाही, आणि बाहेरचा मार्ग हाताशी आहे. आधी टाळता येतं का पाहावं, टाळता येत नसेल तिथं पूल बांधावा. आपण आधी पूल दाखवतो आणि टाळायचा विषयच मिटवतो.

रस्त्याबद्दल बोलताना माझा सूर थोडा बदलतो. परतवाड्याहून सेमाडोह, हरिसाल करत धारणीला जाणारा रस्ता ही लाखभर माणसांची नाडी आहे. तो खड्डेमुक्त असलाच पाहिजे, पावसाळ्यात सिपना नदीला पूर आला तरी तुटता कामा नये, त्यावर दर दोन तासांनी एसटी असली पाहिजे. यातल्या कशालाच वनकायदा आडवा येत नाही. डागडुजी वेगळी आणि इंदूरकडच्या ट्रकांना जवळचा मार्ग म्हणून चौपदरीकरण वेगळं. मागणीपत्रात मात्र दोन्ही एकाच ओळीत असतं.

आणि रात्रीची बंदी. इथं बाळंतीण पुढं केली जाते : "रातच्या बारा वाजता बाई अडली तं काय फाटकावर मराव तिनं?" कुठल्या नियमात असं लिहिलंय, ते दाखवावं. बंदीपूरमधून कर्नाटक-केरळ जोडणारा महामार्ग २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो, रुग्णवाहिका जातात, ठरावीक बसही जातात. नोव्हेंबर २०२५ मध्ये कॉर्बेट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं व्याघ्रप्रकल्पांतलं रात्रीचं पर्यटन बंद करायला सांगितलं, गाभ्यातल्या रस्त्यांवरची रात्रीची वाहतूक आवळायला सांगितलं, त्यातही रुग्णवाहिकेला मोकळीक आहे. अडलेल्या बाईला फाटक अडवत नाही. तिला अडवतं ते गावात वेळेवर न येणारं वाहन, आणि ती दवाखान्यात पोचल्यावर हजर नसलेला डॉक्टर. १९९३ च्या बालमृत्यूंनी मेळघाटचं नाव देशभर झालं, तेव्हापासून मुंबई उच्च न्यायालय या प्रश्नावर सरकारला फटकारत आलं आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ का टिकत नाही, या प्रश्नाच्या उत्तरात वाघ कुठंच येत नाही. डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे बैरागडला जाऊन राहिले तेव्हा धड रस्ताही नव्हता. २०१९ ला त्यांना पद्मश्री मिळाली, सत्कार झाले, आणि बैरागडसारखी दुसरी दहा गावं डॉक्टरची वाट पाहत तशीच राहिली. हरिसालचंही तेच. २०१६ मध्ये देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून मायक्रोसॉफ्टच्या साथीनं त्याचा गाजावाजा झाला, २०१९ च्या प्रचारात राज ठाकरे यांनी भर सभेत पडद्यावर त्याची चिरफाड केली. इंटरनेटची तार वाघानं कुरतडल्याचं दोन्ही बाजूंनी कुणी म्हटलं नाही.

पर्यटनाबद्दलची तक्रार मला कधी कधी मजेशीर वाटते. मेळघाटात पैसे भरून वाघ दिसत नाही. खरंच दिसत नाही. हे डोंगराळ, दाट, बांबूचं जंगल आहे, वाघ इथं विखुरलेला आहे आणि त्याला लपायला जागा आहे. ज्याला चार तासांत पिवळा ठिपका हवा त्यानं दुसरीकडे जावं. इथं सांबर आहे, गवा आहे, अस्वल आहे. शंभराहून अधिक वर्षं नामशेष समजला गेलेला आणि १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडलेला रानपिंगळा पुढं मेळघाटात चांगल्या संख्येनं आढळला. सकाळच्या उन्हात सागाच्या निष्पर्ण फांदीवर बसलेला तो मूठभर पक्षी पाहायला जगभरातून माणसं येतात. आमच्या अमरावतीच्या किती जणांनी तो पाहिलाय?

"ताडोबासारखं करा" म्हणणाऱ्यांनी उमरेड-कऱ्हांडला आठवावं. ३१ डिसेंबर २०२४ ला तिथं एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना जिप्सींनी दोन्हीकडून कोंडलं, मोबाइल वर करून माणसं उभी राहिली. नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली तेव्हा कारवाईला धार आली. ते नियम नसल्यामुळं घडलं नाही. गाड्यांमधल्या अंतराचे, शांततेचे नियम होते. ते मोडण्यात चालकाला बक्षीस होतं आणि पाळण्यात काही नव्हतं. जिप्सीवाला पोरगा गरीब असतो, पाहुण्याला वाघ दाखवला तर वर पाचशेची नोट मिळते. त्यामुळं दंड फक्त त्याला करून भागत नाही, नोट देणाऱ्यालाही झाला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानं आता गाभ्यातल्या पर्यटनक्षेत्रात मोबाइल वापरायला मनाई केली आहे. ही मनाई सेमाडोहला, कोलकासला शहरातल्या शाळामास्तरासाठी जितकी कडक असेल तितकीच मंत्र्यांच्या पाहुण्यासाठी असते का, हे बघायचं. २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनी गाभ्याचा २० टक्क्यांपर्यंतचाच भाग पर्यटनाला खुला ठेवता येतो असं ठरवलं. ही कमाल मर्यादा आहे. ती गाठलीच पाहिजे असं उद्दिष्ट कुणी दिलेलं नाही.

चिखलदऱ्याचं थोडक्यात. गोरघाट ते हरिकेन पॉइंट हा ४०७ मीटरचा स्कायवॉक सिडकोनं हाती घेतला, परवानग्यांत अडकला, आणि अडकला म्हणून गावभर हळहळ झाली. पावसाळ्यातल्या रविवारी परतवाड्याच्या घाटात गाड्यांची रांग लागते, भीमकुंडाशी प्लास्टिकचा थर साचतो, आणि त्याच तालुक्यातल्या गावांना उन्हाळ्यात टँकरनं पाणी द्यावं लागतं. दरीवर लोंबता पूल बांधण्याआधी तालुक्याच्या हंड्यात पाणी टाका, इतकी साधी मागणी करायला आपल्याला लाज का वाटते?

आता दुसऱ्या बाजूला वळतो, कारण नियमांचा कैवार घेणाऱ्यांत काही सोवळे आहेत आणि त्यांच्याशीही माझं पटत नाही. श्रावणात धारगडच्या महादेवाला अकोट भागातून हजारो माणसं गाभ्यात जातात. ही यात्रा कायमची बंद करा, असं काहींचं म्हणणं. का म्हणून? वर्षातले एक-दोन दिवस, पायी, गाड्या खालीच ठेवून, प्लास्टिक आणि डीजे न नेता गेलेला भाविक जंगलाला तितका भारी नाही, जितकी वर्षभर रोज दोन वेळा फिरणारी जिप्सी आहे. धारगडला चारचाकीनं जायची सूट मागणाऱ्या पुढाऱ्यांना मात्र नकार द्यावा, आणि तो जाहीरपणे द्यावा.

सर्वांत मोठा हिशेब वनखात्याकडे निघतो, तो पुनर्वसनाचा. कोहा, कुंड, बोरीपासून पुढं गाभ्यातली अनेक गावं उठली. धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी अशा गावांतली माणसं सपाटीवर आणली गेली. प्रत्येक कुटुंबामागं १० लाखांचं पॅकेज, पुढं ते १५ लाखांवर गेलं. पैसा बँकेत आला, भोवती दलाल आले, मोटारसायकली आल्या, आणि बऱ्याच घरांत दोन-तीन वर्षांत पैसाही गेला, वावरही राहिलं नाही. त्यातली काही माणसं जानेवारी २०१९ मध्ये परत जंगलात शिरली, वनकर्मचाऱ्यांशी चकमक झाली, लोक जखमी झाले. तेव्हा वर्तमानपत्रं वाचून अकोल्यातल्या सुशिक्षितांनी विचारलं, "पैसे घेऊन परत कायले गेले?" म्हणजे रेल्वेच्या मोर्च्यात जो कोरकू बिचारा होता, तो इथं एका रात्रीत लबाड झाला.

वनखात्याचा गडी कोरकूच्या दोन शेळ्या धरतो, मोहफुलाच्या पाटीवरून दम देतो, आणि उद्या त्याच्याच उठवलेल्या गावाच्या गोठाणावरून सफारीचा नवा मार्ग आखला तर त्याला 'निसर्ग पर्यटन' म्हणतो. हे चालणार नाही. पायविहीर इथं सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावानं उजाड डोंगर पुन्हा हिरवा केला, तिथलं सीताफळ विकायला शहरात आलं. गाव आणि जंगल एकत्र राहूच शकत नाही, हे खात्यानं तिथं जाऊन बोलून दाखवावं. गाभ्यातून गावं उठवण्याला माझा सरसकट विरोध नाही. ज्यांना दवाखान्याजवळ, शाळेजवळ यायचंय त्यांना आणा. पण वन्यजीव कायद्यात २००६ ला घातलेलं ३८-व्ही कलम स्वच्छ सांगतं : लोकांची संमती घ्या, नव्या जागी सोयी आणि जमीन आधी द्या, आणि ते दिलं नसेल तर त्यांच्या आहे त्या हक्कांना हात लावू नका. पर्यटकानं काय करू नये याचे फलक शहानूर आणि सेमाडोहच्या फाटकावर आहेतच. त्यांच्या शेजारी हे कलम मराठीत आणि कोरकूत रंगवून लावायला व्याघ्रप्रकल्पाच्या अधिकाऱ्यांना दिल्लीची मंजुरी लागत नाही.